पोटखराब्यात काय आहे?

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर गावाहून चुलतभावाचा फोन आला. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी सड्यावर घराण्याची सामाईक जमीन आहे, सुमारे साडेचार एकर. तिला गिऱ्हाईक आले होते. अर्ध्या भागात चिरेखाण, उरलेल्या भागात कातळ फोडून खड्डे, त्यांत बाहेरून आणलेली माती आणि हापूसची कलमे, असा घेणाऱ्याचा बेत होता. पाच हिस्सेदारांपैकी चौघे तयार होते. सही राहिली होती ती माझी.

"दादा, सातबारा काढून बघ," तो म्हणाला. "सगळा पोटखराबा आहे. गवत आणि विंचू सोडले तर कातळावर आहे तरी काय?"

मी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. सजीवांची विविधता हा भाग दरवर्षी जून-जुलैत यायचा. व्याख्या, तक्ते, पाच सृष्टींची आकृती, सगळे तोंडपाठ होते. तरी त्या दिवशी फोनवर मला दोन वाक्ये धड सुचली नाहीत. "पावसाळ्यात येतो, मग बघू," एवढेच म्हणालो. त्याप्रमाणे यंदा जूनपासून गणपतीपर्यंत चार वेळा गावी गेलो आणि रोज सकाळी सड्यावर चढलो. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर वर्गात शिकवलेल्या त्याच मूळ कल्पना नव्याने तपासाव्या लागल्या. त्या तपासाची ही हकीकत.

कातळ कसा घडतो

सड्याचा दगड म्हणजे जांभा. हजारो-लाखो वर्षे उष्ण हवेत मुसळधार पाऊस पडत राहिला की खडकातले विरघळणारे क्षार वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. त्या लोहाच्या गंजाचा रंग जांभ्याला आला आहे. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली मलबारातल्या या दगडाला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. तिथेही लोक तो विटेसारखा कापून घरे बांधत होते. आपण त्याच कापलेल्या तुकड्याला चिरा म्हणतो.

अशा दगडावर जगणे सोपे नाही. चार महिने पाणी इतके की पाय बुडावा, आठ महिने इतके ऊन की पाय ठेववू नये. माती असली तर बोटभर, तीही खळग्यांत. नायट्रोजन आणि फॉस्फरस ही वनस्पतींची मुख्य अन्नद्रव्ये पावसाने धुऊन नेलेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही जमीन निकामी, आणि महसूल खात्यानेही तेच लिहिले: पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र. ही नोंद खोटी नाही. मात्र ती भात आणि नाचणी यांच्या बाजूने केलेली आहे. इतर कोणाच्या बाजूने पाहिले तर तिथे काय दिसते, हे पाहायचे होते.

सातबारा आणि लिनिअस

विविधता पाहायची तर आधी वेगळे काय आणि सारखे काय हे ठरवावे लागते. त्यासाठी नावे हवीत आणि नावांची मांडणी हवी. आपल्या जमिनीची ओळख जिल्हा, तालुका, गाव, गट, हिस्सा अशी मोठ्या चौकटीतून लहान चौकटीत उतरते. कार्ल लिनिअस या स्वीडिश वैद्याने अठराव्या शतकात सजीवांसाठी अशीच उतरंड रूढ केली. ती पुढे वाढत जाऊन सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी झाली. १७५३ साली वनस्पतींसाठी आणि १७५८ साली प्राण्यांसाठी त्याने दोन शब्दांचे नाव सरसकट वापरले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा.

इथे मराठीत एक गोंधळ आहे. पाठ्यपुस्तकात ‘जीनस’ म्हणजे प्रजाती आणि ‘स्पीशीज’ म्हणजे जाती. वर्तमानपत्रे मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. या लेखात मी पाठ्यपुस्तकाची वाट धरली आहे.

दोन शब्दांच्या नावाची गरज काय, असे विद्यार्थी नेहमी विचारत. आमच्या गावी जिला कुळू म्हणतात ती रानभाजी दुसरीकडे फोडशी, तिसरीकडे कोळी भाजी. उलट तेरडा म्हटले की एका नावाखाली कितीतरी वेगवेगळ्या वनस्पती येतात. लोकांची नावे वापरातून येतात आणि वापरापुरती अचूक असतात. शास्त्रीय नाव राजापुरात आणि रिओ दि जानेरोत एकाच गोष्टीकडे बोट दाखवते. तेही हवेतून पडत नाही. या फोडशीच्याच प्रजातीतल्या सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम. मुंबईचे बोरिवली त्यात कायमचे जाऊन बसले आहे.

लिनिअसने भारतात पाऊल ठेवले नव्हते. इथल्या वनस्पतींची त्याची माहिती बऱ्याच अंशी ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथातून आली. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तो तयार करवून घेतला आणि १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातली माहिती पुरवणाऱ्यांत मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन होते आणि रंगा भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तिघे कोंकणी वैद्य होते. या तिघांची १६७५ सालची साक्ष कोंकणीत, नागरी लिपीत आहे. ग्रंथातल्या चित्रांवर वनस्पतींची नावे लॅटिन, मलयाळम आणि अरबी लिपींबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. युरोपात वर्गीकरणाची इमारत उभी राहत होती तेव्हा तिच्या काही चिऱ्यांवर आपल्या लिपीतली अक्षरे होती.

फेरफार

लिनिअसची उतरंड साम्यावर उभी होती. सारखे दिसते ते एका कप्प्यात. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ आला आणि कप्प्यांचा अर्थ बदलला. त्या ग्रंथात एकच आकृती आहे, फुटत जाणाऱ्या फांद्यांची. तिचा अर्थ असा की दोन जाती एका प्रजातीत आहेत कारण त्यांचा पूर्वज अलीकडचा आहे. दोन कुले एका गणात आहेत कारण त्यांचा पूर्वज त्याहून जुना आहे. म्हणजे वर्गीकरण हे गावांच्या यादीसारखे राहिले नाही, ती वंशावळ झाली.

सातबाऱ्याला जोडून गाव नमुना सहा असतो, फेरफार नोंदवही. वारस लागला, वाटप झाले, विक्री झाली की तिथे नोंद होते. इंग्रजी कागदांत फेरफाराला ‘म्युटेशन’ म्हणतात. जीवशास्त्रातही तोच शब्द आहे, आपण त्याला उत्परिवर्तन म्हणतो. योगायोग असला तरी समजायला सोयीचा आहे. डीएनएच्या लांबलचक मजकुरात पिढ्यान्‌पिढ्या बारीक फेरफार होत जातात आणि ते पुढच्या वारसांकडे जातात. दोन सजीवांतले फेरफार ताडून पाहिले की त्यांची घराणी कधी वेगळी झाली याचा अंदाज येतो.

याचे उदाहरण सड्यावरच सापडले. दगड उलटला की खाली एक चिमुकली पाल असते. रत्नागिरीजवळच्या डोर्ले गावच्या कातळावरून १९६३ साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले. तेव्हा तिच्या अंगावरच्या खवल्यांमुळे तिला टेरॅटोलेपिस या वेगळ्या प्रजातीत घातले होते. २००८ साली डीएनएची तुलना झाली आणि ती हेमिडॅक्टिलस प्रजातीत आली. हेमिडॅक्टिलस म्हणजे आपल्या भिंतीवर ट्यूबलाइटजवळ बसणाऱ्या पालीचीच प्रजाती. घरातली पाल आणि कातळावरची पाल चुलत बहिणी निघाल्या. एक माणसाच्या आधाराने जगभर पसरली, दुसरी कोकणातल्या जांभ्याला धरून राहिली.

याच्या उलटही घडते. सड्याच्या कडेला, बांधाखालच्या ओल्या मातीत पावसाळ्यात गांडुळासारखा पण जाड आणि चपळ असा एक प्राणी मिळतो. गावी त्याला कोणी देवगांडूळ म्हणतात, कोणी साप समजून मारतात. गांडूळ हा कणा नसलेला, वलयांच्या शरीराचा प्राणी. साप हा कणा असलेला सरपटणारा प्राणी. देवगांडूळ या दोघांपैकी कोणीच नाही. त्याला कणा आहे, जबड्यात दात आहेत, त्वचा ओली आहे, आणि त्याचे जवळचे नातलग आहेत बेडूक. तो उभयचर आहे, मातीत राहून पाय गमावलेला. तो पूर्णपणे निरुपद्रवी असतो. आंबोलीहून २००३ साली त्याच्या एका जातीला पहिल्यांदा शास्त्रीय नाव मिळाले. इतकी वर्षे तो कुदळीखाली येत होता, पण नोंदीत नव्हता.

स्वयंपाकघरातली दोन नातीही इथेच सांगून टाकतो. गोड्या मसाल्यात आपण घालतो ते दगडफूल फूल नाही आणि वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. बुरशी घर आणि ओलावा देते, शैवाल उन्हातून अन्न तयार करते. सायमन श्वेंडेनर याने १८६७ साली हे मांडले तेव्हा त्याच्यावर बरीच टीका झाली. सड्याच्या कडेच्या झाडांवर आणि दगडांवर अशा दगडफुलांचे राखाडी-हिरवे डाग सर्वत्र आहेत. दुसरे नाते अळंबीचे. ती भाजीच्या टोपलीत बसते, पण बुरशींची सृष्टी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. वंशावळीत अळंबी मेथीपेक्षा तुमच्या-माझ्या शेजारी येते.

उन्हाळ्यात कातळ काळा दिसतो. तो रंग पुष्कळ ठिकाणी दगडाचा नसतो. तो असतो नीलहरित जीवाणूंचा सुकलेला थर. त्यांना आपण सवयीने नीलहरित शैवाल म्हणतो, पण त्यांच्या पेशीला केंद्रक नाही. ते जीवाणू आहेत. रॉबर्ट व्हिटेकर याने १९६९ साली मांडलेल्या पाच सृष्टींत त्यांची जागा मोनेरात होती. १९७७ साली कार्ल वूज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की केंद्रक नसलेल्यांतही दोन फार जुनी, वेगळी घराणी आहेत. त्यातून पुढे जीवाणू, आर्किया आणि केंद्रक असलेले सगळे असे तीन विभाग मानले गेले. त्या तिसऱ्या विभागाच्या एका फांदीवर बुरशी, वनस्पती, आपण आणि पाल, सगळे बसतो. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साचू लागला तो या नीलहरितांच्या पूर्वजांमुळे. पहिल्या पावसात कातळावर पाय घसरतो तेव्हा आपण त्या घराण्याच्या आजच्या वारसांवर उभे असतो.

सारखे दिसणारे परके

श्रावणात सड्यावर निळी-जांभळी झाक पसरते. ती सीतेच्या आसवांची. बोटाएवढ्या देठावर नखाएवढे फूल. उपटून पाहिले तर ओल्या मातीतल्या बारीक धाग्यांवर मोहरीहून लहान फुगे दिसतात. हे सापळे आहेत. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या दारावरच्या केसांना लागला की दार उघडते आणि तो आत ओढला जातो. हे सगळे सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळात होते.

हातभर अंतरावर दवबिंदू उभी असते. तिच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब चमकतात. डास-चिलट बसले की चिकटते, मग केस त्याच्यावर वळतात.

दोघीही कीटक खातात. कारण एकच: जमिनीत नायट्रोजन नाही, तो दुसऱ्याच्या शरीरातून मिळवायचा. तेव्हा या बहिणी असतील असे वाटते. पण सीतेची आसवे तुळस आणि तीळ यांच्या गणातली, आणि दवबिंदू राजगिरा व माठ यांच्या गणातली. मांसाहार या दोन घराण्यांनी आपापला, स्वतंत्रपणे शोधून काढला. एकाच अडचणीतून दोन परकी घराणी एकाच तोडग्याला पोहोचतात तेव्हा त्याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. पाल आणि देवगांडूळ यांनी शिकवले की नाते दिसण्यावर ठरत नाही. या दोन वनस्पतींनी त्याच्या पुढचे शिकवले: साम्य नात्याबद्दल काही सांगत नसले, तरी जागेबद्दल सांगते. हा कातळ काय मागतो, हे त्या दोघींकडे पाहून कळते.

जात म्हणजे काय

वर्गीकरणातल्या वरच्या चौकटी बऱ्याच अंशी आपल्या सोयीच्या आहेत. एखाद्या गटाला कुल म्हणावे की गण, यावर वाद होऊ शकतो. जातीचे तसे नाही. अर्न्स्ट मायर याने १९४२ साली दिलेली व्याख्या अजूनही बहुतेक पुस्तकांत पहिली येते: निसर्गात आपसांत प्रजनन करणारा आणि इतर अशा समूहांपासून प्रजननाने अलग असलेला समूह म्हणजे जाती. घोडा आणि गाढव यांचे खेचर होते, पण खेचराची वंशवेल पुढे जात नाही. म्हणून त्या दोन जाती. डोंगरी कुत्रा आणि पामेरियन यांचा वंश मात्र चालतो. ती एकच जाती.

ही व्याख्या सगळीकडे लागत नाही. जीवाणू दुभंगून वाढतात, त्यांना ती कशी लावणार? जीवाश्मांना कशी लावणार? म्हणून आकार, आवाज, डीएनए, अधिवास असे अनेक पुरावे एकत्र पाहावे लागतात. सड्यावरच्या बेडकांत आवाजाचा पुरावा फार महत्त्वाचा आहे. माद्या रूपाला फसतील, पण हाकेला सहसा फसत नाहीत.

‘जात’ म्हटले की आपल्याकडे मनात दुसरेच येते, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पृथ्वीवरची सर्व माणसे होमो सेपियन्स या एकाच जातीची आहेत. समाजातल्या जातीला या व्याख्येत कुठेच जागा नाही. ती लग्नाच्या नियमांनी माणसांनी घातलेली कुंपणे आहेत. जीवशास्त्राचा शब्द उसना घेऊन त्यांना निसर्गाचा आधार देता येत नाही.

आजवर शास्त्रीय नाव मिळालेल्या जातींची संख्या वीस लाखांच्या आसपास आहे. त्यांत निम्म्याच्या जवळपास कीटक आहेत. केंद्रक असलेल्या सजीवांच्या एकूण जाती सुमारे ८७ लाख असाव्यात, असा एक अंदाज २०११ साली प्रसिद्ध झाला. तो बरोबर धरला तर पृथ्वीवरच्या बहुतेक रहिवाशांची नोंद अजून व्हायचीच आहे.

हापूस आणि रायवळ

जातींची मोजदाद ही विविधतेची एक पातळी. तिच्या खाली आणखी एक पातळी आहे आणि तिचे उदाहरण घेणाऱ्याच्या बेतातच होते.

हापूसचे झाड कोयीपासून करत नाहीत, कलम बांधून करतात. कलम म्हणजे मूळ झाडाचाच पुढे वाढवलेला तुकडा. म्हणून बागेतली शंभर कलमे जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकच झाड असतात. गोडी आणि रंग सारखा येतो तो यामुळे. तुडतुडे किंवा करपा आला की सगळ्यांवर सारखाच येतो, तोही यामुळे. आमच्या परड्यातले रायवळ मात्र कोयीतून उगवलेले. एक आंबट, एक धाग्याचे, एक साखरेसारखे गोड पण कवडीएवढे. बाजारात त्यांना भाव नाही. पण उद्या नवा रोग आला, हवामान बदलले, तर त्याला तोंड देणारे जनुक या बेभरवशाच्या झाडांतच सापडण्याची शक्यता जास्त. एकाच जातीत असलेल्या या फरकांना जनुकीय विविधता म्हणतात. ती भविष्यातल्या अडचणींसाठी घरात ठेवलेली शिल्लक आहे.

तिसरी पातळी परिसंस्थेची. साडेचार एकरांत मला निदान चार वेगळ्या वस्त्या दिसल्या: उघडा कातळ, बोटभर मातीचे गवताळ पट्टे, पावसाळी डबकी, आणि भेगांतली झुडपे. डबक्यात पाठीवर उलटा पोहणारा एक चिमुकला जीव असतो, कोळंबीचा दूरचा नातलग. डबके काही आठवड्यांत आटते. त्याआधी तो अंडी घालतो आणि मरतो. अंडी कोरड्या धुळीत, तापलेल्या दगडावर पुढच्या पावसापर्यंत, कधी अनेक वर्षे, जिवंत राहतात. एप्रिलमध्ये चुलतभाऊ ज्याला रिकामा खळगा म्हणेल, तो खरे तर भरलेला असतो.

कातळाची बेटे

भोवती भातखाचरे, बागा, घाट, आणि मध्ये सपाट कातळ. सडा हे एका अर्थाने बेट आहे. बेटावर अडकलेले समूह एकमेकांपासून तुटतात, त्यांच्यातले फेरफार वेगळे होत जातात आणि कालांतराने वेगळ्या जाती होतात. ज्या जाती एखाद्याच प्रदेशात सापडतात त्यांना प्रदेशनिष्ठ म्हणतात. साताऱ्याच्या पठारांवरचा वायतुरा असा आहे. त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे. आमच्या सड्यावर जुलैत पांढरी फुले काढणारी दिपकाडी अशीच, तिच्या नावात कोकण आहे.

भेकांचे उदाहरण अधिक बोलके आहे. कोयनेच्या परिसरातल्या एका भेकाचे वर्णन १९६३ साली झाले. त्याचा जवळचा नातलग आंबोलीच्या जांभ्यावर आहे, हे २००९ साली जाहीर झाले आणि दोघांसाठी झँथोफ्रायनी ही नवी प्रजाती मांडली गेली. साऱ्या जगात या प्रजातीच्या या दोनच जाती. आंबोलीचा भेक त्या गावाच्या आसपासच्या छोट्याशा भागात, पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. तो आज अतिसंकटग्रस्त मानला जातो. त्याचा कातळ गेला तर त्याला दुसरे गाव नाही.

नाव मिळाल्याने काय होते, याचे उत्तर आंबोलीनेच दिले आहे. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या देवळाच्या कुंडातल्या एका छोट्या माशाचे वर्णन २०२० साली झाले. त्याचे नाव ठेवले शिस्तुरा हिरण्यकेशी. २०२१ साली त्या जागेला जैवविविधता कायद्याखाली जैविक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मासा आधीही होता आणि देवस्थानामुळे कुंड राखलेही गेले होते. पण कायद्याला बोट ठेवायला नाव लागते.

नोंद

श्रावणातल्या एका सकाळी चुलतभावाला बरोबर नेले. मी दवबिंदू दाखवली तर त्याने मला दोन वनस्पतींची गावातली नावे सांगितली जी मी विसरलो होतो. लहानपणी काकी इथून कुळूची भाजी न्यायची, ती जागा त्याला नेमकी ठाऊक होती. भिंग घेऊन तो बराच वेळ डबक्यापाशी बसला. उठल्यावर म्हणाला, "दादा, हे सगळं खरं. पण मुलाच्या इंजिनिअरिंगची फी या फुलांतून निघत नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. निवृत्तिवेतन खाणाऱ्याने त्याला निसर्गप्रेम शिकवावे, हे मला शोभलेही नसते.

आम्ही एक मार्ग काढला. जमिनीचे सरसनिरस वाटप करायचे. माझा हिस्सा छत्तीस गुंठे येतो, तो डबक्यांच्या बाजूचा मी मागितला आणि चौघांनी मान्य केला. त्यांनी आपले हिस्से विकावेत की ठेवावेत, हे ते ठरवतील. हा तोडगा पुरेसा नाही, हे मला माहीत आहे. क्षेत्र लहान झाले की त्यात टिकणाऱ्या जाती कमी होतात. शेजारी खाण झाली तर पाणी तिकडे उतरेल आणि माझी डबकी वेळेआधी आटतील. छत्तीस गुंठ्यांचे बेट साडेचार एकरांच्या बेटासारखे वागणार नाही. म्हणून मी चौघांना एकच विनंती केली आहे: विकायचे ते लांबच्या टोकापासून विका.

दुसरे काम कागदाचे आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावोगावी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. मी यंदा पाहिलेल्या वनस्पती आणि प्राणी, त्यांची शास्त्रीय नावे, गावातली नावे, महिना आणि गट क्रमांक असा तक्ता करून ग्रामपंचायतीला दिला. यादी १०७ नावांची झाली. त्यांपैकी एकोणीस नावांपुढे गावचे नाव चुलतभावाने लिहिले. जिथे मला जातीपर्यंत पोहोचता आले नाही तिथे फक्त प्रजाती लिहिली आणि पुढची जागा रिकामी ठेवली. ती भरणारे कोणी तरुण येईल.

आमच्याच तालुक्यात कशेळीच्या कातळावर फार जुन्या काळी कोणी एक प्रचंड हत्ती कोरून ठेवला आहे आणि त्याच्या अंगात इतर अनेक प्राणी. कोकणातल्या अशा कातळशिल्पांत गेंड्यासारखे प्राणीही ओळखता येतात. गेंडा आज कोकणात नाही. युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत ही शिल्पे २०२२ साली गेली. ती कोरणाऱ्यांनी का कोरली हे सांगता येत नाही. पण एवढे दिसते की या कातळावर काय आहे याची पहिली नोंद त्यांनी केली, आणि तिच्यातली काही नावे आता फक्त नोंदीतच उरली आहेत.

मोजणीची तारीख पौषात आहे. सातबारा वेगळा झाला तरी त्यावर पोटखराबाच लिहिलेले असेल. त्याला माझी हरकत नाही. दुसऱ्या वहीत १०७ नावे आहेत. पुढच्या वेळी कोणी विचारले की कातळावर आहे तरी काय, तर ती वही पुढे करता येईल.